कुंपणानेच शेत खाल्ले तर

घरातले मूल चुकले म्हणजे आई रागावते, बाप डोळे वटारतो आणि आजी पदराआड घेते; आणि या तिघांच्या मध्ये त्या मुलाचा अपराध बहुधा मुरून जातो. परंतु ज्या मुलास असे घरच नाही, अथवा ज्याचा अपराध उंबरठ्याबाहेर गेला, त्याचे आईबाप होण्याचे काम सरकारास करावे लागते. राजाने अनाथांचा पिता व्हावे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे, तशी ती पाश्चात्त्यांकडेही जुनी आहे. अमेरिकेतील शिकागो शहरी १८९९ साली मुलांकरिता पहिले स्वतंत्र न्यायालय निघाले ते याच कल्पनेच्या पायावर. न्यायाधीशाने मुलाकडे आरोपी म्हणून न पाहता चुकलेले लेकरू म्हणून पाहावे, आणि दंडापेक्षा सुधारणेकडे अधिक लक्ष द्यावे, असा त्यातील हेतू होता. हेतू उत्तम खरा. पण पित्याचा हा अधिकार ज्याच्या हाती दिला, त्याच्याच मनात लोभ शिरला तर मुलाने दाद कोणाकडे मागावी?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यास अलीकडच्या काळात फार मोठी किंमत देऊन शोधावे लागले. ती हकीकत, आणि तीत वापरलेल्या एका विलक्षण कायद्याची माहिती, आपल्या कुटुंबातील वाचकांस व्हावी एवढ्याचसाठी हा लेख आहे. प्रस्तुत लेखक कायदेपंडित नाही. त्याचे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत गेले. परंतु या हकीकतीचा आरंभ शाळेतच होतो, म्हणून ती सांगण्याचा थोडासा अधिकार शाळामास्तरासही असावा.

पेन्सिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात लुझर्न नावाचा परगणा असून विल्क्स-बॅरी हे त्याचे मुख्य ठिकाण होय. एके काळी दगडी कोळशाच्या खाणींनी गजबजलेला हा प्रदेश खाणी बंद पडल्यावर उतरणीस लागला. २००७ साली येथील एका शाळकरी मुलीने आपल्या शाळेच्या उपमुख्याध्यापिकेची थट्टा करणारे एक पान संगणकाच्या महाजालावर तयार केले. ही केवळ गंमत आहे, असेही तिने त्यावर लिहून ठेविले होते. आपल्याकडे अशा मुलीस वर्गाबाहेर उभे केले असते, फार तर वडिलांना बोलावून घेतले असते. तेथे तिला न्यायालयापुढे उभे करण्यात आले. तिच्या बाजूस वकील नव्हता. सुनावणी काही मिनिटांतच आटोपली, आणि तीन महिन्यांची रवानगी ऐकून भांबावलेल्या मुलीस आईच्या डोळ्यांदेखत हातकड्या घालून नेण्यात आले. त्या आईने हातपाय गाळले नाहीत. तिने मुलांच्या हक्कांसाठी फिलाडेल्फिया येथे १९७५ पासून काम करणाऱ्या ‘ज्युव्हेनाइल लॉ सेंटर’ या संस्थेस दूरध्वनी केला, आणि त्या एका दूरध्वनीतून पुढचे सारे उघडकीस आले.

शोध घेता असे आढळले की, मार्क सियावरेला या न्यायाधीशापुढे येणाऱ्या मुलांपैकी अर्ध्याहून अधिक मुले वकिलावाचून उभी राहत होती. वास्तविक मुलास वकिलाचा हक्क आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच गॉल्ट खटल्यात स्पष्ट केले होते. त्या खटल्यातील पंधरा वर्षांच्या मुलावर शेजारणीस दूरध्वनीवरून अश्लील बोलल्याचा आरोप होता. प्रौढ माणसास ज्या अपराधासाठी फार तर दोन महिन्यांची कैद झाली असती, त्यासाठी त्यास एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा हुकूम झाला होता. तेव्हा पितृवत् न्यायाच्या नावाखाली मुलाचे साधे हक्कही बुडतात, हा धडा अमेरिकेने चाळीस वर्षांपूर्वीच घेतला होता. लुझर्नमध्ये तो विसरला गेला. का विसरला गेला, ते आता पाहू.

या परगण्यात मुलांना डांबून ठेवण्यासाठी सरकारी मालकीचे एक जुने गृह होते. त्या वेळचे मुख्य न्यायाधीश मायकेल कोनाहन यांनी २००२ साली ते बंद पाडले. त्याच सुमारास एक वकील आणि त्याचे भागीदार यांनी खाजगी बालबंदीगृह बांधले व ते २००३ साली सुरू झाले. पुढे २००४ साली परगण्याने ते सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलरांच्या दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर घेतले. बंदीगृह खाजगी, खर्च सरकारी. आणि त्यात मुले धाडण्याचा हुकूम न्यायाधीशाच्या लेखणीत! काही आईबापांकडून तर मुलाच्या राहण्याचा खर्चही वसूल करण्यात येत असे. या व्यवहारात बंदीगृह बांधणारा कंत्राटदार आणि त्याचा सहमालक यांच्याकडून दोघा न्यायाधीशांस मिळून २८ लाख डॉलरांच्या आसपास रक्कम पोहोचली, असा सरकारपक्षाचा आरोप होता. काही रक्कम मध्यस्थीची दलाली म्हणून दाखविली गेली, तर काही न्यायाधीशांच्या कुटुंबीयांच्या नावे असलेल्या फ्लोरिडातील समुद्रकाठच्या घराचे भाडे म्हणून दाखविली गेली.

आता येथे वाचकांच्या मनात सहज येईल की, लाच घेणाऱ्यास शिक्षा देणारे कायदे कोठल्या देशात नाहीत? मग निराळ्या कायद्याची गरज काय? याचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकेत ‘माफिया’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांनी एके काळी मोठा उच्छाद मांडला होता. त्यांच्याशी लढताना पोलिसांस एक अडचण पुन्हा पुन्हा येई. खून करणारा सापडे, खंडणी मागणारा सापडे. परंतु ज्याच्या इशाऱ्याने हे सर्व चाले तो नायक कोणत्याही एका गुन्ह्यास हात लावीत नसे, म्हणून तो मोकळाच राही. जुना कायदा प्रत्येक गुन्हा सुटा सुटा पाही. शंभर मणी हाती लागत, पण ते ज्या दोऱ्यात ओवलेले असत तो दोरा कायद्याच्या नजरेस येत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी सिनेटर जॉन मॅक्लेलन यांच्या पुढाकाराने, आणि रॉबर्ट ब्लेकी या कायदेपंडिताने केलेल्या मसुद्यावरून, १९७० साली नवा कायदा झाला. त्याचे लांबलचक नाव ‘रॅकेटिअर इन्फ्लुअन्स्ड अँड करप्ट ऑर्गनायझेशन्स अ‍ॅक्ट’ असे असून लोक त्यास आद्याक्षरांवरून ‘रिको’ म्हणतात.

या कायद्याचे मर्म दोन शब्दांत आहे. पहिला शब्द संस्था, दुसरा क्रम. एखाद्या संस्थेचा कारभार जर कोणी दहा वर्षांच्या आत निदान दोन ठरावीक गुन्हे करून, आणि तेही एकमेकांशी संबंध असलेल्या क्रमाने चालविला, तर तसे चालविणे हाच एक स्वतंत्र आणि भारी गुन्हा ठरतो. ते ठरावीक गुन्हे कायद्याने नावनिशीवार दिले आहेत. लाच, खंडणी, टपालाने वा तारायंत्राने केलेली फसवणूक, काळ्या पैशाचे पांढरे करणे इत्यादी त्यांत येतात. शिक्षा वीस वर्षांपर्यंत असून गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता जप्त होते. शिवाय ज्याचे नुकसान झाले त्यास दिवाणी दावा लावून तिप्पट भरपाई मागता येते. यातील संस्था हा शब्द मुद्दाम इतका व्यापक ठेविला आहे की, त्यात चोरांची टोळी येते, व्यापारी पेढी येते, आणि सरकारी कचेरीही येते. कचेरी स्वतः निर्दोष असेल. पण तिच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने तिचे हत्यार केले, तर तो माणूस टोळीच्या नायकासारखाच या कायद्याच्या कक्षेत येतो. मुलांच्या रक्षणासाठी निर्माण केलेल्या संस्थांच्या बाबतीत या कायद्याचे महत्त्व आहे ते येथेच.

लुझर्नमध्ये काय झाले ते पाहिले म्हणजे हा फरक ध्यानात येईल. जानेवारी २००९ मध्ये दोघा न्यायाधीशांवर प्रथम जे आरोप ठेवले गेले, ते त्यांनी तडजोड म्हणून कबूल केले. सुमारे सव्वासात वर्षांच्या कैदेवर प्रकरण मिटावयाचे होते. परंतु खटला चालविणारे न्यायाधीश एडविन कोसिक यांस ती तडजोड मान्य झाली नाही. तेव्हा दोघांनी कबुली मागे घेतली, आणि सप्टेंबर २००९ मध्ये सरकारने ४८ कलमांचे नवे आरोपपत्र आणले. त्यात रिको कायद्याची कलमे होती. पुढे कोनाहन याने संघटित गुन्हेगारीच्या कटाचा आरोप कबूल केला व त्यास साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. सियावरेला खटला लढला. फेब्रुवारी २०११ मध्ये ज्यूरीने ३९ पैकी १२ आरोपांवर त्यास दोषी ठरविले, आणि ऑगस्टमध्ये त्यास २८ वर्षांची कैद झाली. सव्वासात वर्षे आणि अठ्ठावीस वर्षे यांतील अंतर पाहिले म्हणजे सुट्या मण्यांचा कायदा आणि दोऱ्याचा कायदा यांतील भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तथापि सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्तमानपत्रांनी या प्रकरणास ‘पैशासाठी मुले’ अशा अर्थाचे नाव दिले. पण प्रत्येक मुलामागे अमुक डॉलर, असा हिशेब ज्यूरीपुढे सिद्ध झाला नाही. उरलेल्या २७ आरोपांतून सियावरेला सुटला. तो दोषी ठरला तो मुख्यतः बंदीगृहाच्या बांधकामाच्या वेळी कंत्राटदाराकडून आलेल्या व लपविलेल्या ९,९७,६०० डॉलरांवरून. पुढे २०१८ साली त्याच्यावरील रिकोची दोन कलमे व आणखी एक कलम न्यायालयाने रद्दही केले. कारण गुन्ह्याच्या मुदतीविषयी ज्यूरीस जी समज द्यावयास हवी होती ती दिली गेली नव्हती, आणि त्याच्या वकिलांनीही ती मागितली नव्हती. बाकीचे गुन्हे कायम राहिल्याने तो तुरुंगातच राहिला. कोनाहन याची शिक्षा मात्र डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी कमी केली, आणि त्या बातमीने लुझर्नमधील पुष्कळ आयांच्या जखमा पुन्हा वाहू लागल्या. एवढे खरे की, शस्त्र कितीही धारदार असले तरी ते धरणाऱ्याचा हात चुकला म्हणजे घाव वाया जातो.

दिवाणी बाजूची कथा याहून अधिक बोधप्रद आहे. पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सियावरेलाचे निकाल पुसून टाकण्याचा हुकूम दिला. २,३०० हून अधिक मुलांवरील सुमारे चार हजार निकाल रद्द झाले. मग त्या मुलांनी व आईबापांनी भरपाईचे दावे लावले. कंत्राटदाराने १ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली, इतरांनीही कमीअधिक रकमा दिल्या. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायाधीश ख्रिस्तोफर कॉनर यांनी दोघा माजी न्यायाधीशांनी मिळून सुमारे तीनशे जणांस २० कोटी ६० लाख डॉलर द्यावेत असा निकाल दिला. ही रक्कम हाती येण्याची आशा जवळजवळ नाही. पण शेकडो माणसांस न्यायासनासमोर उभे राहून ‘माझे असे झाले’ हे सांगावयास मिळाले, आणि ते ऐकून घेतले गेले, हेच त्यांस मोठे वाटले.

रिको कायद्याखाली दिवाणी भरपाई मागताना मात्र एक मोठी भिंत आडवी येते. तो कायदा नुकसान ओळखतो ते धंद्याचे आणि मालमत्तेचे. बापाकडून वसूल केलेले पैसे त्यात बसू शकतात. मुलीची ओसरलेली हिंमत, बुडालेले शाळेचे वर्ष, रात्री दचकून उठण्याची लागलेली खोड, ही त्या हिशेबात बसत नाहीत. याखेरीज न्यायाधीशाने न्यायासनावरून केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर भरपाईचा दावा चालत नाही, असे जुने संरक्षण आहे. अमेरिकेत मुलांना आईबापांपासून काढून घेणाऱ्या बालसंरक्षण खात्यांविरुद्ध रिकोचा आधार घेऊ पाहणाऱ्या आईबापांची वाट या दोन भिंतींनी अडते.

तेथील कित्येक आईबाप असे म्हणतात की, ही खातीच मुळी टोळ्या आहेत. त्यांचे दुःख खोटे नाही. १९९७ च्या एका कायद्याने, सरकारी आश्रयातील मुलांची दत्तके जितकी वाढतील तितके दर मुलामागे काही हजार डॉलर बक्षीस केंद्राकडून राज्यांस देण्याची व्यवस्था केली. दीर्घकाळ आश्रयगृहांत खितपत पडलेल्या मुलांस घर मिळावे हा त्यातील हेतू. पण अशा बक्षिसामुळे घर जोडण्यापेक्षा तोडण्याकडेच कल होईल, अशी टीका त्यावर झाली. टीका विचारार्ह आहे. परंतु कायद्याने उघडपणे दिलेले बक्षीस ही लाच होत नाही. वाईट धोरण आणि गुन्ह्याची टोळी यांत भेद आहे. धोरण वाईट असेल तर ते कायदेमंडळात बदलावयाचे असते. टोळी असेल तर ती न्यायालयात मोडावयाची असते. हा भेद न राखता प्रत्येक कठोर अधिकाऱ्यास टोळीवाला म्हटले, तर खऱ्या टोळीवाल्याचेच फावते. लुझर्नमध्ये रिको लागू झाला तो न्यायाधीश कठोर होता म्हणून नाही, तर हिशेबाच्या वहीत दडविलेले पैसे सापडले म्हणून.

आपल्याकडील वाचकांस हा कायदा अगदी परका वाटू नये. वर्तमानपत्रांत नेहमी दिसणारा ‘मोक्का’, म्हणजे महाराष्ट्राचा १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, याच विचाराचा आहे. दहा वर्षांच्या आत एकाहून अधिक आरोपपत्रे, टोळी, आणि आर्थिक लाभाचा हेतू अशी त्याची घडण असून, टोळीस मदत करणाऱ्या किंवा कायद्याप्रमाणे करावयाची कारवाई टाळणाऱ्या सरकारी नोकरासही त्याच्या २४ व्या कलमात तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १११ व्या कलमानेही संघटित गुन्ह्याची अशीच व्याख्या देशभर लागू केली आहे.

पण एवढे कायदे झाले म्हणजे मुले सुरक्षित झाली काय? लुझर्नच्या प्रकरणाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या मंडळाने मे २०१० मध्ये अहवाल दिला. त्या अहवालाचे सार मनास फार लागते. पैसे खाल्ले दोघांनी. पण त्या दिवाणखान्यात रोज सरकारी वकील बसत होते, प्रोबेशन अधिकारी बसत होते, कारकून बसत होते. मुले वकिलावाचून उभी राहतात, दोन-दोन मिनिटांत निकाल लागतात, हे सर्वांस दिसत होते. न्यायाधीशांच्या वर्तनावर देखरेख करणाऱ्या मंडळाकडे २००६ सालीच निनावी तक्रार आली होती, तीही तशीच पडून राहिली. आणि शाळा? १९९९ साली कोलंबाइन येथील शाळेत झालेल्या गोळीबारानंतर तिकडील शाळा धास्तावल्या होत्या. लहानसहान खोडी करणाऱ्या मुलास पोलिसांच्या हवाली करणारे मुख्याध्यापक आणि अशा मुलास लगेच आत टाकणारा न्यायाधीश यांचे सूत चांगले जमले. सियावरेला शाळांतून व्याख्याने देत असे, आणि शिस्तीचा भोक्ता म्हणून त्याचा सन्मान होत असे.

हे वाचताना मला माझाच एक जुना प्रसंग आठवला, तो येथे सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सहलीच्या वर्गणीचे पैसे नाहीसे झाले. संशय एका मुलावर गेला. त्याचा बाप हमाली करी, आणि मुलगा थोडा उद्धट होता, याहून दुसरा पुरावा नव्हता. त्यास दाखला देऊन काढावयाचे ठरले. त्या कागदावर वर्गशिक्षक म्हणून माझी सही हवी होती. मुलगा माझ्याकडे पाहत उभा होता. मी त्यास एकही प्रश्न विचारला नाही, सही केली. परीक्षेनंतर दप्तर आवरताना ते पैसे जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात सापडले. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा खोलीस दुसरेच भाडेकरू आले होते. तो मुलगा पुढे मला कधी भेटला नाही. या प्रकरणात कोणी दमडीही खाल्ली नव्हती. कोणताही कायदा मला पकडू शकला नसता. आणि तरीही एका मुलाचे व्हावयाचे ते नुकसान झालेच.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सरकारी द्रव्य खाण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु चौथ्या, म्हणजे कंटकशोधनाच्या अधिकरणात, त्याने न्यायाधीशासही दंड सांगितला आहे, आणि तो केवळ लाचेबद्दल सांगितलेला नाही. दाद मागणाऱ्यास जो धमकावतो, हुसकून लावतो, किंवा विचारावयाचे ते विचारीत नाही, तोही तेथे दंडास पात्र आहे. शाळेत असताना हे प्रकरण मी अनेकदा वाचले होते. ‘विचारावयाचे ते विचारीत नाही’ या शब्दांचा अर्थ मात्र मला त्या रिकाम्या खोलीच्या दारात कळला.

पेन्सिल्व्हेनियाने अखेर जी सुधारणा केली तीही याच दिशेची आहे. २०१२ सालच्या कायद्याने न्यायालयात आलेले प्रत्येक मूल निर्धन आहे असे गृहीत धरून त्यास सरकारी खर्चाने वकील देण्याची व्यवस्था झाली. मोठमोठ्या शिक्षांपेक्षा ही साधी तजवीज मला अधिक मोलाची वाटते. कारण शिक्षा मुलाचे आयुष्य उलटून गेल्यावर येते. शेजारी उभे राहिलेले माणूस वेळेवर येते.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसविले आहेत, बाल कल्याण समितीत अध्यक्षासह पाच जण ठेविले आहेत, आणि दर तीन महिन्यांनी निदान एकदा प्रत्येक बालगृह तपासण्यासाठी समित्या नेमण्यास सांगितले आहे. या जागा कोणीतरी भरावयाच्या असतात, आणि त्या बहुधा आपल्यासारख्याच शिकल्यासवरल्या घरांतून भरल्या जातात. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा असे विचारणारे माझे पुष्कळ मित्र आहेत. त्यांना, आणि ज्यांची मुले मोठी होऊन परगावी गेली आहेत अशा भगिनींनाही, माझी एकच विनंती आहे. आपल्या गावातील बालगृह कोठे आहे एवढे तरी माहीत करून घ्यावे. समितीवर जाण्याचा योग आला तर चहा घेऊन अहवालावर सही करून परतू नये. तेथल्या एखाद्या मुलास जवळ बसवून घ्यावे, तुझे काय झाले, हे त्याला त्याच्याच तोंडून विचारावे, आणि सही त्यानंतर करावी.